गुडघ्यासाठी प्रार्थना

ज्या गोष्टीसाठी माझ्या मावशीने अर्धं आयुष्य देवापुढे पदर पसरला, ती गोष्ट प्रत्यक्ष घडली तेव्हा तिला आनंद झाला नाही. घाम फुटला.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, बाप्तिस्म्याच्या हौदात उभे होते. कमरेपर्यंत पाणी, अंगात पांढरा सदरा. प्रार्थनागृहाच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, एक हात त्यांच्या पाठीमागे घातला, दुसरा छातीवर ठेवला आणि त्यांना पाण्याखाली नेऊन वर काढलं. मंडळी गाऊ लागली. बायका डोळे पुसत होत्या. मावशी टॉवेल धरून पायरीवर उभी होती आणि तिच्या डोक्यात एकच विचार चालू होता: पाळकांचा पाय चुकून यांच्या पायावर पडला असेल तर? आता इथे, सगळ्यांसमोर, हे ओरडले तर?

काका ओरडले नाहीत. निथळत वर आले, टॉवेल घेतला आणि म्हणाले, "मागे हो जरा, भिजशील."

"बाई गं," मावशी मला नंतर म्हणाली, "त्या एवढ्याशा वाक्याने मी जास्तच घाबरले. इतकं मऊ बोलणं मी लग्नाच्या वर्षीसुद्धा ऐकलं नव्हतं. म्हटलं, ही वादळाआधीची शांतता."

काकांचं काचेचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. खिडक्यांची तावदानं, कपाटांची दारं, आरसे, तसबिरींच्या काचा. हात असा बसलेला की बघत राहावं. काचेवर कटर एकदाच फिरवायचे, बोटांनी हलका दाब द्यायचे आणि 'टक्' करून काच रेघेवर सुटायची. पण तोच माणूस जिना चढून वर आला की घराचा श्वास अडकायचा. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. चहा गार का? माझी पट्टी कुणी हलवली? आणि काहीच सापडलं नाही तर, सगळे असे गप्प का बसलात? अंगावर हात कधी टाकला नाही, हे मावशी आवर्जून सांगायची, जणू ते प्रमाणपत्रच होतं. पण वस्तू फुटायच्या. कपबशा, घड्याळ, एकदा रेडिओ.

मावशीला जिन्यावरच्या पावलांवरून सगळं कळायचं. पाऊल जड पडलं, मध्येच थांबलं, की ती पोरीला खूण करायची. तिची मुलगी, माझी ताई, तिला 'वेधशाळा' म्हणायची. मी सुट्टीत राहायला गेले की आम्ही दोघी कानात कुजबुजायचो, "वेधशाळे, आजचा अंदाज?" मावशी कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "गडगडाट. पुस्तकं घ्या आणि गच्चीत जा." आम्ही हसायचो. हसू आवरून वर पळायचो आणि गच्चीच्या दाराला बाहेरून कडी घालायचो.

मावशी जन्मापासून ख्रिस्ती मंडळीतली. आजोबा उपदेशक होते. काकांच्या घरी मात्र देवाधर्माचं कुणालाच काही नव्हतं. "तुझा देव तुझ्यापाशी, मला माझी काच पुरे," असं म्हणून ते रविवारी झोपून राहायचे. प्रार्थनासभेत मावशीची विनंती ठरलेली: "माझ्या यजमानांसाठी, त्यांना नवा जन्म मिळो." इतकी ठरलेली की तिने तोंड उघडायच्या आधीच बायका माना डोलवायच्या.

मग तो दिवस आला. काका दुकानात एक मोठा आरसा चौकटीत बसवत होते. मावशीने जेवायला हाक मारली, जरा जोरात मारली असेल, आणि काका तिच्यावर असे बरसले की रस्त्यावरची माणसं थांबली. ताई तेव्हा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच कामाला लागली होती. ती मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आईशी असं बोलायचं नाही." काकांनी हातातली लोखंडी पट्टी भिरकावली. तिच्यावर नाही, आरशावर. आरसा फुटला आणि एक कपची ताईच्या भुवईत घुसली.

रक्त बघून काका म्हणाले, "मध्ये कशाला कडमडलीस?"

टाके पडले, जखम भरली. ते वाक्य मात्र भरलं नाही. ताईने बॅग भरली, गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली आणि सांगून गेली की बाबा असतील त्या घरात पाय ठेवणार नाही. काकांनीही फर्मान काढलं, "तिचं नाव या घरात निघता कामा नये. कुणी तिच्याकडे गेलेलं मला कळलं, तर बघा."

मावशी गेली. पहिल्याच आठवड्यात गेली आणि मग दर गुरुवारी दुपारी जात राहिली. घरी सांगायची, "गुडघ्याला शेक घ्यायला जाते." काकांनी कुठला डॉक्टर विचारलं नाही, कुठला गुडघा तेही विचारलं नाही. त्या बेफिकिरीवरच सगळा डोलारा उभा होता. तिला त्यात पाप वाटत नव्हतं. आईने लेकीला भेटायचं नाही तर काय करायचं? देवाला सगळं माहीत आहे, असं ती मनाशी म्हणायची आणि रविवारी नेहमीसारखी प्रार्थना करायची.

काकांचं मन कसं वळलं, ते ऐकलं तर हसू येईल. ताई गेल्यावर काही वर्षांनी एका वादळात प्रार्थनागृहाची एक मोठी काच फुटली. पाळकांनी काकांनाच बोलावलं. काका संध्याकाळी गेले तेव्हा आत चारदोन लोकांचा अभ्यासवर्ग चालला होता. पाळक म्हणजे किडकिडीत, सारखे खोकणारे गृहस्थ, खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या. बोलण्यात काही जादू नाही. काका शिडीवर चढले, काच बसवली, कडेने पुट्टी भरायला घेतली. अर्धवट सोडून खाली उतरता येईना, कारण काच सुटली असती. कान काही बंद करता येत नाहीत, म्हणून ऐकावं लागलं.

पाळक सांगत होते की चांगलं वागायचा निश्चय करून माणूस देवाच्या राज्यात जात नाही. त्याला नव्याने जन्मावं लागतं आणि तो जन्म वरून, देवाकडून मिळतो.

काका शिडीवरूनच म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्याचं काय करता?"

खोडी काढायलाच म्हणाले होते ते. पाळक खोकले, गोळी गालात सरकवली आणि म्हणाले, "अगदी खरं आहे. म्हणून तर आधी मरावं लागतं. त्या पाण्यात आम्ही तेच करतो. जुन्या माणसाला ख्रिस्ताबरोबर पुरतो."

"आणि मग?"

"मग वर काढतो. त्यानंतर रोज सकाळी उठायचं आणि ज्याने जन्म दिला त्याचं ऐकायचं. लेकरू दुसरं काय करतं?"

काका काम संपवून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुट्टी बघायला परत गेले. पुट्टी वाळायला वेळ लागतो हे खरं, पण इतका लागत नाही. महिनोन्‌महिने ते 'खिडकीच्या कामाला' जात राहिले. मावशीला वाटायचं, त्या इमारतीला खिडक्या फार असाव्यात. आणि मग एका रविवारी पाळकांनी बाप्तिस्म्यासाठी काकांचं नाव वाचलं. मावशीच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं.

तिथून पुढे घरात जे सुरू झालं, त्याला मावशी 'शांततेचा छळ' म्हणायची.

काका जिना सावकाश चढायचे. दारात थांबायचे, आत येऊन विचारायचे, "काही मदत करू का?" मावशीच्या हातून बशी पडली तर स्वतः केरसुणी घेऊन तुकडे गोळा करायचे, "तू हात लावू नकोस, काचेचं मला कळतं." मावशी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. आता फुटेल, आता फुटेल. काही फुटायचं नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात, मावशी पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. पूर्वी निदान अंदाज यायचा. आता आकाश कायम निरभ्र, आणि त्या निरभ्र आकाशाखाली ती छत्री उघडून बसलेली. जेवण जाईना. ब्लाउज सैल झाले.

एकदा तिने मुद्दाम त्यांच्या चहात मीठ घातलं. परीक्षा म्हणून. काकांनी घोट घेतला, चेहरा वाकडा झाला, मानेची शीर ताठ झाली. मावशीने डोळे मिटले. काका कप खाली ठेवून म्हणाले, "साखर संपली का गं? येताना आणतो."

मावशी मोरीत जाऊन रडली. आनंदाने नव्हे. लाज वाटली म्हणून, आणि तरीही विश्वास बसेना म्हणून.

आणि मग एका बुधवारी काका म्हणाले, "उद्या गुरुवार. तुझा गुडघा आहे ना? मी येतो सोबत. इतकी वर्षं एकटी जातेस आणि मी साधी चौकशी केली नाही. कुठला गुडघा दुखतो?"

"डावा," मावशी म्हणाली आणि हात उजव्यावर ठेवला.

"दोन्ही?"

"एकदा हा, एकदा तो."

कसंबसं तिने त्यांना थोपवलं: डॉक्टरीणबाई पुरुषांना आत घेत नाहीत, बाहेर बसायला जागा नाही, दुकान कोण बघेल. काका राहिले. पण त्या रविवारी प्रार्थनासभेत विनंत्या मागितल्या तेव्हा काका उभे राहिले. त्यांना असं उभं राहून बोलायची सवय नव्हती, कान लाल झाले होते.

"माझ्या बायकोच्या गुडघ्यासाठी," ते म्हणाले. "तिने माझ्यासाठी फार सोसलंय. तिला बरं वाटावं."

सगळी मंडळी हेलावली. ज्या बाईने इतकी वर्षं नवऱ्यासाठी प्रार्थना मागितली, तिच्यासाठी आज नवरा मागतोय! पेटी वाजवणाऱ्या आजी उठून आल्या, मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून अशी लांब, कळकळीची प्रार्थना केली की मावशीला वाटलं जमीन दुभंगावी. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. धडधाकट गुडघ्याला.

त्या दिवसापासून ती लंगडायला लागली. लंगडावंच लागलं, कारण जो तो विचारी, "आता कसा आहे?" कधी कुठल्या पायाने लंगडायचं तेही विसरायची. गुरुवारी ताईच्या खोलीवर पोचली तरी तिची चाल सुधारायची नाही. ताई म्हणाली, "आई, नाटक संपलं, बस आता."

बाबांच्या बाप्तिस्म्याचं ताईला कळलं होतं. मावशीनेच सांगितलं होतं. ताई फक्त म्हणाली होती, "बरं." आणि विषय बदलला होता.

मावशीची झोप उडाली. खोटं टिकवायला नवं खोटं लागत होतं. काकांनी तर तिच्यासमोर एकेक गोष्ट कबूल करायचा सपाटा लावला होता. तिच्या आईच्या आजारपणात तिला जाऊ दिलं नाही, ते चुकलं. तिच्या भावाला दारातून परत पाठवलं, ते चुकलं. "आपल्यात आता लपवाछपवी नको," असं म्हणून ते तिच्याकडे बघायचे आणि मावशी नजर चुकवून गुडघा चोळायची. सांगावं तर? लेकीला भेटू नकोस म्हटलं असताना दर आठवड्याला तोंडावर खोटं बोलून गेलीस! नवा असो की जुना, कुठला पुरुष हे गिळेल? एवढ्या एका गोष्टीने तो जुना माणूस पाण्यातून वर येईल. आणि मग आयुष्यभराची प्रार्थना तिनेच मोडली असं होईल.

शेवटी ती पाळकांकडे गेली. सगळं ओकली. पाळक बराच वेळ खोकत राहिले.

"तुम्ही कुणाचं ऐकता?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! देवाचं."

"खरं सांगा."

मावशीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग खाली मान घालून म्हणाली, "जिन्यावरच्या पावलांचं."

"हं," पाळक म्हणाले. "यजमानांनी घरात दुसरा देवच मांडला होता म्हणा ना. ते आता त्याची पूजा मागत नाहीयेत. तुम्ही मात्र रोज दिवा लावताय."

"पण ते चिडले तर?"

"चिडतील. कदाचित. मी हमी देत नाही. तुम्हाला आज जेवढं कळलंय, तेवढं ऐका. पुढचं पुढे कळेल." आणि मग जरा ओशाळून पुढे म्हणाले, "चार माणसांत सांगा. बंद खोलीत सांगू नका. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे अक्कल गहाण टाकायची असं नाही."

पुढच्या गुरुवारी काकांनी विचारायच्या आधीच मावशी म्हणाली, "चला माझ्यासोबत."

काकांनी दुकानाला कुलूप लावलं. दोघं चालत निघाली. काका तिच्या पायाकडे बघून चाल मंद करत होते आणि तेच तिला सहन होत नव्हतं. बाजाराच्या कोपऱ्यावर चपलांच्या दुकानापाशी ती थांबली. आजूबाजूला भरपूर माणसं होती.

"अहो, माझा गुडघा बरा आहे."

"देवाची कृपा!"

"नाही. तो दुखतच नव्हता. कधीच. मी पोरीकडे जाते. दर गुरुवारी. ती गेल्याच्या पहिल्या आठवड्यापासून."

काकांचा चेहरा हळूहळू बदलला. आधी काही कळलं नाही असा, मग कळलं असा. मानेची शीर ताठ झाली. जबडा आवळला. मावशीने ती चिन्हं पाठ केली होती, एकूण एक तिथे होती.

"इतकी वर्षं!" काका ओरडले. काचा हादराव्यात असं ओरडले. चपलांचा दुकानदार बाहेर आला, एक बाई मुलाला ओढून पलीकडे गेली. "इतकी वर्षं तू माझ्या तोंडावर..."

आणि थांबले. हात वर गेला होता. कुणावर उगारलेला नव्हता, नुसता हवेत. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तो खाली घेतला आणि दुकानाच्या पायरीवर मटकन बसले.

"आलाच तो," ते म्हणाले. "मला वाटलं होतं पाण्यातच राहिला. मेला नाही अजून."

मावशी उभीच होती. पळावं की थांबावं, पायांना कळत नव्हतं. काकांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. दुकानदाराने पाणी आणलं, ते प्यायले.

"तू भ्यायलीस ते बरोबरच होतं," पेला परत देत ते म्हणाले. "तुला खोटं बोलायला कुणी लावलं? मीच. आत्ता ओरडलो, त्याचीही माफी माग... मागतो." आणि मग अगदी लहान आवाजात, "कशी आहे ती?"

"बरी आहे. कामावर सगळे तिला मानतात."

"भुवई?"

"वण आहे. केसांनी झाकते."

काका उठले. मावशीला वाटलं, आता म्हणतील, चल, दाखव खोली. पण ते म्हणाले, "तू जा. मी येत नाही. तिला विचार. ती हो म्हणाली तर येईन. मी जाऊन दारात उभा राहिलो तर ती पुन्हा माझीच दांडगाई झाली." आणि ते दुकानाकडे परत फिरले.

ताईने ऐकलं आणि ती आईवरच उखडली. "सांगितलंस? मला न विचारता? आता ते इथे येतील!" तिने उठून दाराची कडी लावली. मावशी सांगते, त्या कडीच्या आवाजाने तिला पहिल्यांदा कळलं की वेधशाळा घरात एकटीच नव्हती. पोरगीही आयुष्यभर कान देऊनच जगत होती.

"ते येणार नाहीत. तू हो म्हणेपर्यंत."

"मग नाही," ताई म्हणाली. "आत्ता तरी नाही." थोड्या वेळाने ती कोरडं हसली. "नवा जन्म झालाय ना त्यांचा? मग बाळच आहेत अजून. आधी रांगू देत, चालू देत. मग बघू."

हा निरोप घेऊन घरी जायचं होतं. तोही जसाच्या तसा, कारण मावशीने आता ठरवलं होतं की गोष्टीला साखर लावायची नाही. रस्ता संपूच नये असं तिला वाटत होतं. दुकानात जाऊन तिने सांगितलं, शब्दाला शब्द. काका ऐकून घेत होते. "बरोबर बोलली," ते म्हणाले. "पहिल्यापासून हुशार आहे." मावशी वर गेली.

ती पदर खोचते न खोचते तोच खालून काच फुटल्याचा आवाज आला. मोठी काच. मावशी जिन्यावर आली आणि कठडा धरून उभी राहिली. सगळं संपलं, असं तिला वाटलं. पुन्हा वर जाऊन दार लावून घ्यावं, असंही वाटलं. देवा, तुझं ऐकलं आणि हे झालं, असं ती मनात म्हणाली आणि तरी एकेक पायरी उतरली.

काका टेबलापाशी उभे होते. मोठ्या शीटला वेडीवाकडी चीर जाऊन अर्धी जमिनीवर पडली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक.

"फेकली नाही गं," ते म्हणाले. "खरंच फेकली नाही. हात थरथरत होता, रेघ चुकली."

पुरावा काही नव्हता. काच सांगत नाही ती पडली की फेकली. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माहीत आहे." आणि बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हे त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो नाही. खरंच तसं वाटलं. मग तिने केरसुणी घेतली आणि दोघांनी मिळून तुकडे गोळा केले.

गुडघ्याचं प्रकरण अजून मिटायचं होतं. त्या रविवारी तिला उठताना घाम फुटला होता. आजोबा उपदेशक, आई महिला मंडळाची अध्यक्ष, आणि ही भर मंडळीत उभी राहून सांगणार की मी खोटं बोलले. पण उभी राहिली. गुडघा कधीच दुखत नव्हता म्हणाली, कुठे जात होते ते सांगितलं, कशाच्या भीतीने तेही सांगितलं. "मी लहानपणीच बाप्तिस्मा घेतलेली," ती म्हणाली. "मला वाटायचं नवा जन्म यांना हवाय. मला कशाला लागतोय?" आणि ती खाली बसायचंच विसरली.

सभागृहात माना वळल्या. एकदोघींनी नाकं मुरडली, तेही खरं. तेवढ्यात पेटीवाल्या आजी मोठ्याने म्हणाल्या, "म्हणजे एवढी प्रार्थना केली ती फुकट गेली म्हणता?"

"नाही आजी, म्हणजे..."

"फुकट कशी जाईल! लंगडत होतीस, आता सरळ उभी आहेस. झाला की बरा!"

पाळकांना हसताना खोकल्याची उबळ आली. मावशीही हसली आणि मग तिला रडू आवरेना. काका शेजारी बसले होते. त्यांनी आपला रुमाल पुढे केला.

ताईने हो म्हणायला फार वेळ घेतला. मध्ये दोनदा हो म्हणून पुन्हा नाही म्हणाली. काका एकदा दुकानात गिऱ्हाइकावर खेकसले आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले. मावशीने तेही ताईला सांगितलं, खेकसणं आणि माफी दोन्ही. शेवटी ताई म्हणाली, "माझ्या दवाखान्याच्या उपाहारगृहात. दुपारी. आई, तू मध्ये बसायचंस."

मावशीने मध्ये बसून दोघांकडे बघितलं नाही, चहाकडे बघत राहिली. काकांनी काहीतरी पाठ करून आणलं होतं, ते विसरले. म्हणाले, "त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, मध्ये कशाला आलीस. तू आलीस ते बरोबर होतं. मी चुकलो होतो. तेव्हा कुणीतरी मध्ये यायलाच हवं होतं."

ताईने आपला कप बाजूला सारला. मग तिने विचारलं, "आता राग येत नाही?"

"येतो. रोज येतो."

"मग?"

"मग देवाला सांगतो की आलाय. आणि तो सांगतो तेवढं करतो. बहुतेक वेळा गप्प बसायलाच सांगतो." ते थांबले. "कधी कधी ऐकत नाही मी. मग माफी मागायला जावं लागतं."

ताईने माफ केलं असं म्हटलं नाही. "माझी वेळ झाली," म्हणून उठली. जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि काकांना म्हणाली, "चहा गार झालाय तुमचा. दुसरा घ्या." मावशी सांगते की त्या वाक्यावर तिने पुढचे कित्येक दिवस काढले, आणि काढताना धाकधूकही तेवढीच होती.

अजूनही आहे. मी गेल्या खेपेला गेले तेव्हा विचारलं, "मावशी, भीती गेली का गं?" ती भाजी निवडत होती. "नाही," म्हणाली. "येते आणि बसते शेजारी. पण हल्ली ती काही सांगायला लागली की मी म्हणते, थांब जरा, आधी देवाला विचारते."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात जिन्यावरून ताई वर आली. घरात नाही, वरच्या पायरीपर्यंत. कामावरून जाता जाता आईसाठी औषधाची बाटली आणली होती. दार उघडं होतं. काका आत आरशाच्या चौकटीला पॉलिश करत होते. त्यांचा हात थांबला. मावशीने निवडलेली भाजी पुन्हा न निवडलेलीत मिसळून टाकली.

"आत येतेस?" काकांनी जागेवरूनच विचारलं.

"नको," ताई म्हणाली. "इथेच बरी आहे."

काका उठले. स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, उंबरठ्याबाहेर नेऊन ठेवली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली आणि परत आत येऊन आपल्या कामाला बसले. ताई थोडा वेळ उभी राहिली. मग बसली.